निंबमळी निरंक

फोन

"निरंक म्हणजे काय ओ?"

"म्हणजे काही नाही, ताई."

"काही नाही कसं? मी दूध संस्थेच्या माडीवर उभी आहे. खाली फॅट बघायचं मशीन बुडालंय. निम्मा जिना पाण्यात आहे. आणि तुम्ही म्हणताय काही नाही?"

"मी म्हणत नाही. माझ्यासमोर तसं आलंय. निंबमळी, निरंक."

"मग आता माझ्यासमोर काय आहे ते लिहून घ्या."

"सांगा."

मी सांगितलं. मी निंबमळीची सरपंच, राजश्री सुतार. बरंचसं गाव परवाच ट्रॅक्टरनं बाहेर पडलं. आम्ही चाळीसेक माणसं मागं राहिलो, कुणी जनावरांपायी, कुणी म्हाताऱ्यांपायी. रात्रीत रस्ता गेला. सकाळी माझ्या सासूबाई इथल्याच जिन्यात घसरल्या. खुब्यात मोडलंय बहुतेक, नुसता हात लावला तरी ओरडतात. वरच्या धरणाचे दरवाजे संध्याकाळी आणखी उघडणार आहेत, तसा मेसेज तुमच्याच तालुक्यानं पाठवलाय. त्याच्या आत बोट पाहिजे.

"लिहिलं," तो म्हणाला. "पण ताई, बोटी सकाळीच वाटून झाल्या. जिथं बाधित आहेत ती गावं घेतली आणि तशा बोटी लावल्या. तुमचं गाव त्यात..."

"निरंक."

"हो."

"तुम्ही तहसीलदार का?"

"छे हो. मी इंगवले. हायस्कूलला भूगोल शिकवतो. इथं फोन घ्यायची ड्यूटी लागलीय."

"मग सर, नदी कुठून कुठं जाते ते तरी तुम्हाला माहीत असेल."

तो हसला नाही. साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ मीटिंगमध्ये आहेत, बाहेर आले की सांगतो, म्हणाला. माझा फोन गालाला गरम लागत होता. पुढचं वाक्य अर्धं आलं आणि रेंज गेली.


फोन नाही

एकवीस सालचा जुलै. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती, धाक ओसरला नव्हता. माडीवर माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती, एकाच पातेल्यातला भात खाल्ला होता, आणि तरी निम्म्यांच्या हनुवटीला मास्क लटकत होता. पावसात भिजून तो गळ्यातल्या ताईतासारखा दिसायचा.

वास मात्र मास्कला दाद देत नव्हता. दोन दिवस दूध संघाची गाडी आली नव्हती. कोपऱ्यातल्या कॅनमधलं दूध नासून फुगलं होतं. ओतून देऊ म्हटलं तर पोलीस पाटील म्हणाले, पंचनामा होईस्तोवर ओतायचं न्हाई.

पोलीस पाटील म्हणजे कलगोंडा अण्णा. साठीला आलेला, उंच, टोपी कधी वाकडी न होणारा माणूस. पोलीस पाटील हा गावातला सरकारचा कान. काही घडलं की तालुका आधी त्यांना विचारणार, सरपंचाला नंतर. सरपंच बाई असली तर आणखी नंतर.

"राजाक्का," ते मला म्हणाले, "वरनं आदेश आल्याबिगर बोट हलत न्हाई. जरा दम धरा. सरकार हाय. इसरत न्हाई."

"अण्णा, त्यांच्याकडं आपलं गाव निरंक हाय."

"मग चांगलंच की."

हे ते खरंच म्हणाले. मी ते त्या वेळी ऐकलं आणि सोडून दिलं. माणूस घाबरला की काहीही बोलतो, असं समजले.

सासूबाई दाराच्या फळीवर निजल्या होत्या. दार संस्थेच्या चेअरमनच्या खोलीचं, बिजागऱ्यांतून काढलेलं. त्यांचे डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"सरपंचबाई, होडी आली का?"

"येतीया, आत्ती."

"कवा? माझ्या दहाव्याला?"

"असं बोलू नगा."

"मतं मागाय घरोघरी हिंडलीस तवा पाय न्हाई दुखलं. आता एक होडी आणाय येईना. कशाला झालीस सरपंच? सत्काराचं नारळ घ्यायला?"

दोघीतिघी बायका पदराआड हसल्या. बरं वाटलं. सासूबाई शिव्या देत होत्या तोवर त्यांच्यात जीव होता.

दादू कोळेकरनं आपल्या गुऱ्हाळातली काहील आणून खालच्या खांबाला बांधली होती. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची पसरट लोखंडी कढई, पाच-सहा माणसं मावतील एवढी. आमच्याकडे पुरात तीच होडी. साठलेल्या पाण्यात ती बरी चालते. धारेला लागली की भोवऱ्यासारखी फिरते आणि कुणाचं ऐकत नाही. दोन हजार एकोणीसला एक फिरली होती. त्यातले दोघे सापडले नाहीत.

"वैनी," दादू म्हणाला, "दरवाजं उघडलं की हितं माडीवर पाणी येतंय. येत न्हाई असं लिहून द्या, मी बसतो गप. न्हाईतर म्हातारीला काहिलीत घालतो. मी आणि दोन पोरं. तिरकं मारत पल्याड उदगुड्याच्या पुलाला लावतो."

"मधल्या धारेचं काय?"

"मग तुमी बोट आणा."

तेवढ्यात बोट आली.

म्हणजे दिसली. उसाच्या शेंड्यांच्या पलीकडून, नारिंगी रबराची, उदगुड्याच्या दिशेनं. आम्ही सगळे कठड्याशी धावलो. मी पदर सोडून हलवला, दादूनं शर्ट काढून हलवला, कुणी कॅनवर कॅन आपटला. बोटीतल्या माणसानं आमच्याकडे पाहिलं.

आणि हात हलवला. जत्रेत ओळखीचं कुणी दिसल्यावर हलवावा तसा.

बोट गेली.


फोन, फोन, फोन, फोन

पाटबंधाऱ्याचा माणूस म्हणाला आम्ही पाणी सोडतो, बोटी सोडत नाही, बोटींचं महसूलला विचारा, महसुलातली बाई म्हणाली बोटी बचाव पथकाच्या आहेत, आम्ही त्यांना फक्त डिझेल देतो, आणि डिझेलही पुरवठा शाखेकडून येतं, पथकाचा साहेब हिंदीत बोलत होता, अगदी भला माणूस, म्हणाला तुमच्या गावाचं नाव द्या, आत्ता निघतो, मग कुणाला तरी विचारून म्हणाला तुमचं गाव यादीत दिसत नाही, यादी बदलली की लगेच निघतो, यादी पंचायत समितीत विचारा, पंचायत समितीत फोन वाजत राहिला, दुसऱ्यांदा उचलला तेव्हा शिपाई म्हणाला इथं सगळे बंदोबस्ताला गेलेत, मी विचारलं कुठं, तो म्हणाला मोठ्या साहेबांचा दौरा आहे उदगुड्याच्या पुलावर, पूर बघायला येणारेत, आणि यादी आपत्ती कक्षात असते ताई, तिथं लावा, मी तिथं लावला आणि इंगवले सरांनी उचलला.


फोन, त्यांचाच

"ताई, साहेब अजून व्हीसीत आहेत."

"सर, मला साहेब नकोत. एक सांगा. आमच्या गावचं तुम्हाला सकाळी कुणी सांगितलं?"

"पोलीस पाटलांनी. पद्धत तीच आहे."

"तुम्ही त्यांना काय विचारलं?"

"जे सगळ्या गावांना विचारलं तेच."

"शब्दाला शब्द सांगा."

कागद चाळल्याचा आवाज आला, मग नाही आला. त्याला कागद लागला नसावा. सकाळपासून तेच वाक्य त्यानं किती गावांना विचारलं असेल.

"मी म्हटलं, 'निंबमळी, बाधित किती?' ते म्हणाले, 'निरंक.' मी म्हटलं, 'पाटील, नक्की ना?' ते म्हणाले, 'एकसुद्धा न्हाई साहेब. आणि मी हाय तोवर होणारबी न्हाई.' मला बरं वाटलं ताई. इतक्या गावांत एकच माणूस इतका ठाम बोलला."

मी मागं वळून अण्णांकडे पाहिलं. ते टोपी काढून झटकत होते.


शब्द

पूर आला की सरकार विचारतं, बाधित किती. म्हणजे पाण्यात सापडलेली माणसं किती.

त्याच्या आधी दीड वर्ष तेच सरकार, त्याच सकाळच्या वेळी, बहुतेक त्याच टेबलावरून रोज विचारत होतं, बाधित किती. म्हणजे कोरोना झालेली माणसं किती.

(आमच्या आत्तींना विचारलंत तर बाधित म्हणजे अवेळी चिंचेखालून गेलेला.)

त्यातल्या पहिल्याच एप्रिलमध्ये अण्णांचा धाकटा भाऊ भूपाल बाधित निघाला. गावचा पहिला. अण्णांनी प्रामाणिकपणे फोनवर आकडा सांगितला, एक. दुपारी वेशीवर बांबू आडवे पडले. दुसऱ्या दिवशी संघानं सांगितलं, निंबमळीचं दूध नको. आमचं गाव दुधावर जगतं. पंधरवडाभर लोक सकाळ-संध्याकाळ धारा काढत आणि गटारात ओतत होते. अण्णांना कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त त्यांच्या दारावरून जाताना बादली जरा जास्त वाजवत नेत. भूपाल बरा होऊन आला. गाव उघडलं. त्यानंतर तालुक्याचा रोज फोन यायचा आणि अण्णा ओट्यावर उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, एकच शब्द सांगायचे. कुणाला खोकला येवो, ताप येवो. निरंक.

त्या सकाळीही फोन आला. वेळ तीच होती. प्रश्न तोच होता.


माडी

"त्यानं पुराचं इचारलंच न्हाई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, खाली बघा."

"बघितलं. पर त्यो पूर म्हणालाच न्हाई. पाणी किती, माणसं किती, असं इचारायचं. मी सांगिटलं असतं. बाधित म्हणाला त्यो."

"आणि तुमी निरंक म्हणालासा!" दादू ओरडला. "चाळीस माणसं माडीवर, आणि ह्यो माणूस रुबाबात सांगतोय एकसुद्धा न्हाई! आणि म्हणं होणारबी न्हाई! वा रे पाटील!"

"दादू, गप."

"का गप? काहील सोडतो मी."

"त्यो पूर म्हणालाच न्हाई," अण्णा पुन्हा म्हणाले, पण आता ते कुणालाच सांगत नव्हते.

मला त्यांचा राग आला. मला इंगवल्यांचा राग आला, व्हीसीचा आला, यादीचा आला. नुसता हात हलवून गेलेल्या त्या माणसाचा सगळ्यात जास्त आला. पण राग कुणावर काढायचा त्याचंही कुठंतरी वाटप झालं असणार आणि त्यातही आमचं नाव नसणार. मी फोन लावला.

"सर, चुकलंय. पाटलांना वाटलं तुम्ही आजाराचं विचारताय."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, "अरे देवा."

"आता आकडा बदला. चाळीस लिहा."

"थांबा. फोन ठेवू नका. मी आत जातो."

तो आत गेला. चपलांचा आवाज, दार, एका मोठ्या आवाजाचा तुकडा, पुन्हा दार.

"ताई, साहेब म्हणतात, एकदा वर गेलेला आकडा फोनवर बदलता येत नाही. दुरुस्तीचा अहवाल तलाठ्यामार्फत यायला पाहिजे."

"तलाठी कुठं आहेत?"

"उदगुड्यात."

"फोन लागतो का त्यांचा?"

"नाही. ते... ते पाण्यात अडकलेत."

"म्हणजे तलाठी बाधित आहेत?"

"हो ताई."

मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाई फळीवरून म्हणाल्या, "होडी आली वाटतं."

"साहेब म्हणतात उद्या सकाळी नवा आकडा घेऊ," इंगवले म्हणाला.

"उद्या सकाळी कुणाला फोन लावणार, सर?"

त्यानं फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तोंडावर हात धरून बोलावं तसा आवाज आला.

"ताई, मी बोललो असं कुठं बोलू नका. शेजारच्या टेबलावर आरोग्यवाले बसलेत. त्यांच्याकडे एक बोट आहे. सकाळपासून पुलाला बांधून ठेवलीय, रिकामी."

"मग पाठवा की!"

"ती फक्त बाधितांसाठी आहे."

"आम्ही कोण आहोत मग?"

"तुम्ही आमचे बाधित. ती त्यांच्या बाधितांसाठी." तो थांबला. "वरून आदेश आहे. पूरग्रस्त गावात पॉझिटिव्ह पेशंट असला तर त्याला आधी हलवायचं, निवारा केंद्रात लागण नको म्हणून. त्यांना यादी लागत नाही. नुसता पोलीस पाटलाचा फोन पुरतो."

मी फोन खाली घेतला. तो आधीच्या फोनपासूनच स्पीकरवर होता, कारण कानाला धरवत नव्हता एवढा तापला होता. माडीवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

सगळी अण्णांकडे बघत होती. दादूसुद्धा.

"खोटा अहवाल द्याचा म्हणता?" अण्णा म्हणाले.

"मी काही म्हणत न्हाई, अण्णा."

"गुन्हा हाय त्यो."

"हाय."

"आणि नाव कुणाचं सांगायचं? कुणाच्या घरावर शिक्का मारायचा पुन्यांदा? उद्या दूध बंद झालं तर ही माणसं त्या घराला काय म्हणतील, म्हाईत हाय न्हवं?"

"माझं सांग," सासूबाई म्हणाल्या. "माझं काय जातंय? तसंबी मेल्यातच जमा हाय मी."

"तुमी गप पडा, काकू."

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला. नंबर त्यांना पाठ होता. दीड वर्ष रोज तिथूनच तर फोन येत होता.


फोन, अण्णांचा

"कोविड कक्ष."

"निंबमळीचा पोलीस पाटील बोलतोय. एक बाधित."

"अरे! निंबमळीत? बोला. रुग्णाचं नाव?"

"कलगोंडा बाबगोंडा पाटील."

"पाटील, तुमचं नाव कळलं. रुग्णाचं सांगा."

"त्येच."

"...बरं. लक्षणं?"

"ताप हाय. अंग मोडतंय. वास कळत न्हाई."

"तपासणी?"

"नर्सबाईंनी काल केली. कागुद पाण्यात गेला."

"संपर्कात किती जण?"

अण्णांनी माडीवरून नजर फिरवली. एकेका तोंडावर ती जरा जरा थांबली.

"सगळी."

"सगळी म्हणजे?"

"एका खोलीत हाय आमी कालपासनं. एका पातेल्यात जेवलोय. सगळीच्या सगळी संपर्कात."

"पाटील, कुणालाही हलू देऊ नका. बोट निघतेय."


बोट

आली. इतकी लवकर आली की दादूला काहिलीचा दोर आवळून बांधायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

बोटीत एक चालक आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमधले दोघं. त्यातला एक डॉक्टर. चेहरा दिसत नव्हता, पण आवाजावरून तिशीचा वाटला. जिन्याच्या पाण्यात उभं राहूनच त्यानं विचारलं, "पेशंट कोण?"

"मी," अण्णा म्हणाले.

"लांब व्हा बाकीचे. आजोबा, वास येतोय का?"

नासलेल्या दुधाचा वास इतका होता की बोटीचा चालक नाकावर बाही धरून बसला होता. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी पदर लावले होते. डॉक्टरच्या किटच्या आतही तो पोचला असणार.

"कसला वास?" अण्णा म्हणाले.

डॉक्टर त्यांच्याकडे पाहत राहिला. काचेमागचे डोळे नीट दिसत नव्हते.

"ठीक आहे. चला. रॅपिड टेस्ट केंद्रावर करू, इथं किट भिजेल."

"आधी ह्या म्हातारीला न्या. खुबा मोडलाय."

"पेशंट आधी. पेशंटबरोबर दुसरं कुणी बसणार नाही. तुम्हाला सोडून, बोट फवारून आम्ही परत येतो. मग आजी, मग हे बाकीचे संपर्कातले, जमतील तशा फेऱ्या."

"मी शेवटच्या फेरीला येतो."

"शेवटी आलात तर तोवर इथंच यांच्यात बसणार. ते चालणार नाही."

"डॉक्टर," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला, विनवणीचा, "पोलीस पाटील गावातनं पयला जात न्हाई ओ."

"मग तुम्ही पाटील आहात की पेशंट ते एकदा ठरवा. पेशंट नसेल तर मी परत जातो. मला बोट दुसऱ्या कामाला वापरायची परवानगी नाही."

पाणी जिन्याच्या भिंतीवर थपथप आपटत होतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. मी बाजूला झाले. त्यांना जायला वाट झाली.

ते उतरले. त्यांनी हातात काही घेतलं नव्हतं. बोटीत ते आमच्याकडे तोंड करून बसले, तर पांढऱ्या किटमधल्या दुसऱ्यानं खांद्याला धरून त्यांना पुढं तोंड करून बसवलं.

त्यांची पाठ उसाच्या शेंड्यांमागं गेली तरी टोपी दिसत होती.


पूल

दुसऱ्या फेरीत मी आणि सासूबाई. फळीसकट घातलं त्यांना. अख्ख्या वाटेत त्या डॉक्टरला शिव्या देत होत्या आणि तो "हो आजी, हो आजी" करत होता. मधल्या धारेला बोट एकदा आडवी झाली तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. काहिलीत असतो तर, हे त्यांच्याही मनात आलं असावं.

उदगुड्याच्या पुलावर जत्रा होती. पोलीस, गाड्या, बघे, मोबाईल वर धरलेले हात. मोठे साहेब पाहणीला आले होते. कुठले साहेब ते मला आजही सांगता येणार नाही. मोठे असणार, कारण त्यांच्या डोक्यावर दोन छत्र्या होत्या.

पुलाच्या कडेला दोरी बांधून एक रिंगण केलं होतं. आत प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीवर अण्णा, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांना न्यायला रुग्णवाहिका यायची होती, ती साहेबांच्या गाड्यांमागं अडकली होती.

आमची बोट काठाला लागली. सासूबाईंना उतरवलं. डॉक्टरनं चालकाला फवारणी करायला सांगितलं. चालक कुणीतरी दिलेला चहा प्यायला बसला. तिकडे माडीवर अजून बाकीची सगळी माणसं होती. आभाळ खाली आलं होतं. धरणाचा भोंगा कधीही वाजला असता.

इथून पुढचं तुम्ही पाहिलं असेल. उदगुड्याच्या एका बातम्यावाल्यानं चित्रण केलं आणि ते इतकं फिरलं की अजूनही दर जुलैत कुणीतरी पुन्हा टाकतं. वर लिहिलेलं असतं, 'गाव बुडताना पाटील पहिल्या बोटीत'. खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी पिवळी तोंडं. अण्णांनी पुढच्या वर्षी पोलीस पाटीलकी सोडली. मुलीच्या सासरी जाणं-येणं बंद केलं. मी दोनदा, चारदा म्हटलं, खरं काय ते सांगू या लोकांना. ते म्हणायचे, खोट्या अहवालाचा गुन्हा त्या भूगोलाच्या मास्तरवर जाईल, राजाक्का, त्याची नोकरी बारकी हाय. आणि विषय बदलायचे. त्या चित्रणात मीही आहे, डाव्या बाजूला, ओल्या साडीत, तोंड अर्धं उघडलेलं.

ते अर्धं उघडलेलं तोंड काय म्हणणार होतं, ते मी सांगते.

साहेब रिंगणाशी आले. लांबच थांबले. पायापासून टोपीपर्यंत अण्णांकडे बघून घेतलं.

"तुम्ही निंबमळीचे पोलीस पाटील?"

"व्हय साहेब."

"लोक तिकडं अडकलेत अजून?"

"व्हय."

"आणि तुम्ही पहिल्या फेरीत आलात?"

बघ्यांचे मोबाईल जरा पुढं सरकले. "पेशंट वाटत तर नाही," कुणीतरी मागून म्हणालं. डॉक्टरनंही मान वळवली. त्यानं डोक्यावरचं काढलं होतं. पोरसवदा चेहरा, घामानं भिजलेला, आणि तो अण्णांकडे अशा नजरेनं बघत होता की त्याला सगळं कळलंय किंवा आत्ता कळतंय.

"साहेब," मी म्हणाले, "ह्यांना काही..."

झालं नाहीये. एवढंच म्हणायचं होतं मला. ह्यांना काही झालं नाहीये, हा माणूस आमच्यासाठी आलाय.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या पलीकडे बघत होते, काठावर टेकलेल्या रिकाम्या बोटीकडे, कप हातात धरून बसलेल्या चालकाकडे.

"व्हय साहेब," ते मोठ्यानं म्हणाले. "भ्या वाटलं मला. मरणाचं."

आणि ते खोकले. खुर्चीतून पुढं वाकून, पोटावर हात दाबून, टोपी चिखलात पडेपर्यंत खोकले. दोन्ही छत्र्या मागं हटल्या. पुलावरची गर्दी मागं हटली. डॉक्टरनं एक क्षण त्यांच्याकडे बघितलं, मग वळून चालकाच्या हातातला कप उडवला.

"ऊठ! तिथं अख्खं गाव संपर्कात आहे, ऐकू येतं का? फवारणी राहू दे. चल!"

इंजिन सुरू झालं. अण्णा अजून खोकत होते. बोट धारेला लागून उसाआड जाईपर्यंत ते थांबले नाहीत.